दर्याची सहल आणि दर्याची शिस्त

(पेण तालुक्यातील रामवाडी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणापैकी काहींना नवल वाटले असेल. हौसेने खोल समुद्रात जाऊन गळाने मोठा मासा धरण्याची सहल कशी आखावी, हा विषय रामवाडीसारख्या महामार्गावरील गावी कशासाठी, असे कोणी विचारील. रामवाडीतून लाटा दिसत नाहीत. परंतु इथली भोगावती धरमतरच्या खाडीस मिळते आणि शेजारच्या रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रास जाते. आपल्या शेतांच्या बांधांपर्यंत दिवसातून दोन वेळा समुद्रच येऊन जात असतो. त्यात १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा या अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून मुंबई आपल्या आणखी जवळ आली आहे. शनिवारी पहाटे निघालेला मुंबईकर न्याहारीच्या वेळेस आपल्या बंदरावर उभा असतो आणि विचारतो, ‘‘बोट मिळेल का? आम्हांला मासे धरायला जायचे आहे.’’ या प्रश्नास आपण काय उत्तर देतो यावर काही कुटुंबांचा चरितार्थ आणि काही माणसांचे प्राण अवलंबून आहेत, म्हणून हा विषय मी निवडला.

माझा एक दोष

आरंभी मी माझा स्वतःचा एक प्रमाद सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ स्नेही फेब्रुवारी महिन्यात जिल्ह्यातील एका लहान बंदरातून अशाच सहलीस निघालो. ओळखीच्या माणसाकरवी एक मासेमारी नौका ठरविली होती. पहाटे साडेपाचला निघावयाचे होते. मुंबईहून येणाऱ्या मंडळींस उशीर झाला आणि नऊ वाजले. तांडेल वयस्क होता. त्याने आकाशाकडे, मग खाडीच्या पाण्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘साहेब, येल टळली. दुपारचा वारा सुटंल. आज नको, उद्या पहाटं जाऊ.’’ आम्ही ऐकले नाही. पैसे दिले आहेत, माणसे दुरून आली आहेत, असे आम्ही त्यास सांगितले. तो गप्प बसला आणि त्याने नांगर उचलला.

आम्ही निघालो तेव्हा नौकेवर आठ पाहुणे, तांडेल व दोन खलाशी अशी अकरा माणसे होती आणि तरंगती जाकिटे तीन होती. बिनतारी यंत्र नव्हते. आम्ही कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे किनाऱ्यावर कोणास नीट ठाऊक नव्हते. दुपारी वारा वाढला. इंधनात पाणी शिरल्याने यंत्र बंद पडले. मोबाईलचा संपर्क केव्हाच तुटला होता. साडेचार तास आम्ही लाटांवर हेलकावत होतो. आमच्यापैकी पाच जणांना बोट लागली होती आणि पिण्याचे पाणी संपले होते. सूर्यास्ताच्या सुमारास एका मासेमारी नौकेने आम्हांस पाहिले. त्यांनी आपली जाळी अर्धवट ओढून घेतली, आम्हांस दोर दिला आणि रात्री दहाला बंदरास आणून लावले. धक्क्यावर आमच्या घरची माणसे कंदिलासारखे मोबाईल धरून उभी होती. मी त्या नौकेच्या तांडेलास पैसे देऊ लागलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘दर्यात दिलेल्या दोरीचं पैसं घेत नाय, साहेब.’’

त्या रात्री त्याच्या नौकेवरील प्रत्येक खलाशाचा त्या दिवसाचा वाटा बुडाला. आमच्या करमणुकीची किंमत त्यांच्या रोजीने चुकती झाली. पुढे विचार करता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आमच्या वृद्ध तांडेलास दर्या कळत होता, तरी तो आम्हांस ‘नाही’ म्हणू शकला नाही, कारण मी सरकारी अधिकारी आहे हे त्यास माहीत होते. आपण सर्व जण गावात वजन असलेली माणसे आहोत. म्हणून आजचे माझे सांगणे सर्वांत आधी आपल्याच साठी आहे.

बेटांवरचा धडा

गळाने मोठा मासा धरण्याची हौस जगात जुनी आहे आणि काही बेटांवर ती एक व्यवस्थित व्यवसाय बनली आहे. मॉरिशसचे उदाहरण घ्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून भारतीय मजूर तेथे उतरले आणि पुढील दशकांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून, अनेक मराठी कुटुंबे ऊसमळ्यांवर कामास गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी असते. त्याच बेटाच्या नैर्ऋत्येस ब्लॅक रिव्हर नावाचा किनारा मार्लिन नावाच्या प्रचंड माशासाठी प्रसिद्ध आहे. तलवारीसारखी लांब चोच असलेला हा मासा शेकडो किलो वजनाचा होतो. तेथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम शेकडो मीटर खोल जातो. म्हणून सकाळी निघालेली नौका तासाभरात खऱ्या खोल समुद्रात असते आणि अर्ध्या दिवसाची सहलही सार्थकी लागते. नौका अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाच्या बोलीने मिळते, गळ, दोरी, रीळ सर्व नौकेचे असते आणि धरलेला मासा बहुधा नौकामालकाचा असतो. ही अट आधी न विचारणारा पाहुणा परतल्यावर हिरमुसला होतो.

आपल्या देशात अंदमानच्या समुद्रातही अशा सहली चालतात. तेथे मोठ्या जातीचे मासे गळास लागल्यावर छायाचित्र घेऊन पाण्यात परत सोडण्याचा प्रघात रुळला आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरील कोळ्यांची रीत निराळी. ते जिवंत लहान मासे पाण्यात फेकून कुप्यांचा थवा नौकेपाशी आणतात आणि काठीला बांधलेल्या आखूड दोरीने एकेक मासा उचलून नौकेत टाकतात. या पद्धतीत नको असलेले मासे व कासवे जाळ्यात सापडून मरत नाहीत, म्हणून जगभर तिची वाखाणणी होते. लक्षद्वीपला जाणाऱ्याने प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. बेटाची सहल आखताना तिकिटाआधी परवान्याची चौकशी करावी, हा पहिला नियम तेथूनच शिकावा.

आपला समुद्र कसा आहे

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. रायगड जिल्ह्यास सुमारे २४० किलोमीटरचा किनारा आहे. परंतु मॉरिशसचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून येथे कोणी आला तर त्याची निराशा होईल. मुंबई व रायगडसमोर समुद्राचा तळ एकदम खाली जात नाही. तो उतरत्या ओट्यासारखा दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरापर्यंत हळूहळू उतरत जातो. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर गेले तरी पाण्याची खोली पंधरा-वीस मीटरच भरते. म्हणजे मार्लिनसारख्या माशाचा खोल समुद्र येथून एका दिवसाच्या सहलीत गाठता येत नाही. पाहुण्यास ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे हे प्रामाणिक नियोजनाचे आरंभस्थान होय. खोल समुद्राच्या नावाने जाहिरात करून एखाद्या लहान नौकेस दूर नेणे म्हणजे फसवणूक, आणि प्राणांशी खेळही.

मग आपल्यापाशी काय आहे? खडकाळ भागात हेकरू व तांबोशी आहेत, मोसमात सुरमई आहे, खाडीमुखाशी रावस आहे. थळसमोरचे खांदेरी बेट आहे. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे दुर्ग बांधण्यास आरंभ केला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराने त्याचा दबदबा वाढविला आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले त्यांत खांदेरीचा समावेश आहे. तेथील वेताळाच्या दर्शनास कोळी बांधव श्रद्धेने जातात. इतिहास, श्रद्धा आणि समुद्र एका फेरीत दाखविणारी अशी ठिकाणे जगात फार नाहीत.

दिवस आणि वेळ

सहलीचा पहिला निर्णय ऋतूचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांच्या विणीचा तो काळ आहे. हौशी सहलीनेही ही बंदी पाळावी. जुलै २०२५ च्या अखेरीस खांदेरीजवळ एक मासेमारी नौका उलटली. तीवरील आठांपैकी पाच जण कित्येक तास पोहून किनाऱ्यास लागले, तिघे परतले नाहीत. ती माणसे दर्यावर्दी होती. मग पोहता न येणाऱ्या पाहुण्यांची कथा काय सांगावी? नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून समुद्र खुला करण्याची परंपरा आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच घातली आहे. पाहुण्यांसाठी मात्र त्यानंतरही समुद्र नीट निवळेपर्यंत थांबावे. ऑक्टोबर अखेरपासून मार्चपर्यंतचा काळ बरा.

दुसरा निर्णय तिथीचा. आपल्याकडे जुना ठोकताळा आहे की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. तृतीयेस तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, साडेआठच्या सुमारास ओहोटीचा शेवट आणि दुपारी पावणेतीनच्या आसपास पुन्हा भरती. त्या दिवशी पहाटे पाचला उतरत्या पाण्याबरोबर खाडीतून बाहेर पडावे आणि बाराच्या आत चढत्या पाण्याबरोबर आत यावे. जाताना व येताना दोन्ही वेळा पाणीच नौकेस साहाय्य करते. याउलट अष्टमीस सहाला भरती असते, बाराला ओहोटी. तेव्हा भांग असल्यामुळे पाण्याची ओढ सौम्य आणि गळ टाकण्यास सोयीची, परंतु परतण्याच्या वेळी खाडीत चिखल उघडा पडलेला असतो आणि जेट्टीस लागता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यास जोर असतो, गळाचे शिसे तळास ठरत नाही. ठोकताळा हा ठोकताळाच, अंतिम आधार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांचा घ्यावा. शिक्षकमित्रहो, गणिताच्या तासास याहून चांगले उदाहरण कोणते?

तिसरा निर्णय वाऱ्याचा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाणी शांत असते. दुपारी खारे वारे सुटतात व लाटा उठतात. म्हणून उजाडण्यापूर्वी निघावे आणि दुपारपूर्वी परतावे. भारतीय हवामान विभागाचा मच्छिमारांसाठीचा इशारा आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज आदल्या सायंकाळी व निघताना असा दोनदा पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढलेला असेल तर चर्चा न करता सहल रद्द समजावी. आणि एक दिवस राखीव ठेवावा. ज्या सहलीस दुसरा दिवस नाही, त्या सहलीत माणूस नको तेथे हट्ट करतो. आमचे तेच झाले.

नौका, परवाना आणि साहित्य

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खाली मासेमारी नौकेस मिळणारा परवाना मासे धरण्याचा आहे, प्रवासी नेण्याचा नव्हे. प्रवासी नेणाऱ्या नौकेची तपासणी व परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतो आणि किती माणसे बसवावयाची याचा आकडा त्यात ठरलेला असतो. साहसी पर्यटनासाठी शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावयाची असते. अधिकारी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मच्छिमारांस डिझेलवरील कराचा परतावा मिळतो तो त्यांच्या व्यवसायासाठी. ते इंधन पाहुण्यांच्या सहलीस वापरले गेले तर उद्या खऱ्या मच्छिमाराच्या सवलतीवर बोट ठेवले जाईल. म्हणून कोळी बांधवांस हा जोडधंदा करावयाचा असेल तर त्यास आडवाट दाखवू नका. त्याचा अर्ज भरण्यास साहाय्य करा.

नौकेवर चढण्यापूर्वी पुढील गोष्टी मोजून घ्याव्यात. माणशी एक तरंगते जाकीट, तेही अंगात घातलेले. फळीखाली बांधून ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच. इंधनाचे तीन भाग करावे, एक जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटास. बिनतारी यंत्र चालू असावे व त्याची १६ क्रमांकाची वाहिनी संकटकाळासाठी आहे हे सर्वांस ठाऊक असावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक नौकेवर रंगवून ठेवावे. २०२४ पासून मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याची राष्ट्रीय योजना सुरू आहे. मोबाईलचा संपर्क तुटल्यावरही त्याद्वारे संकटाचा संदेश देता येतो. माणशी निदान चार लिटर पिण्याचे पाणी, ओली न होणारी औषधपेटी, दोर, विजेरी, शिटी आणि सुटा नांगर हवा. बोट लागणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, रिकाम्या किंवा तुडुंब पोटी निघू नये आणि क्षितिजाकडे दृष्टी ठेवावी. शिंगाळ्याच्या काट्यापासून व पाकटाच्या शेपटीपासून सावध राहावे. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि रुग्णालय गाठावे.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक कागद. नौकेचा क्रमांक, सर्वांची नावे, जाण्याची दिशा आणि परतण्याची वेळ त्यावर लिहून एक प्रत घरी, एक ग्रामपंचायतीत आणि एक सागरी पोलिसांकडे ठेवावी. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत नौका आली नाही तर शोध सुरू करावयाचा, हेही त्यावर लिहावे. आमच्या वेळी हा कागद असता तर सूर्यास्तापूर्वीच कोणीतरी आमच्या शोधास निघाले असते.

मर्यादाही जाणाव्यात. मुंबईसमोरच्या तेल फलाटांभोवती मासे जमतात, पण त्यांच्यापासून ५०० मीटरच्या आत जाण्यास मनाई आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अतिरेकी एका बळकावलेल्या मासेमारी नौकेतून आले होते. त्यानंतर सागरी तपासणी कडक झाली आहे. प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि गस्ती नौकेने थांबविल्यास राग मानू नये.

‘परत’ म्हणण्याचा अधिकार

रायगडातील जुन्या माणसांस १७ जुलै १९४७ ची आषाढ अमावास्या सांगावी लागत नाही. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकानजीक बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. २४ मे २०२२ रोजी मालवणच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा अंत झाला. प्रत्येक दुर्घटनेचे कारण निराळे होते. परंतु प्रत्येक वेळी एक प्रश्न उरतोच, की अंगावर जाकीट होते का?

म्हणून नौका ठरविताना पैशांच्या बोलीबरोबर एक अट लेखी असावी. निघावे की नाही आणि केव्हा परतावे याचा निर्णय एकट्या तांडेलाचा राहील, आणि हवामानामुळे तो परतला तर त्याचे ठरलेले भाडे कमी होणार नाही. या अटीवाचून ‘परत’ म्हणणाऱ्या तांडेलाचे नुकसान होते व पाहुण्याचे काहीच जात नाही. ज्यास खरे बोलण्याचा दंड भरावा लागतो, तो केव्हातरी गप्प बसतो. आमच्या तांडेलाच्या मौनाचे मोल मी जाणतो.

मासा कोणाचा, जिताडा कोणाचा

आता मूळ प्रश्न, मासा किती धरावा? राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडावयाच्या माशाचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. त्याहून लहान मासा परत सोडावा. कासव, डॉल्फिन व देवमाशासारखा दिसणारा बहिरी हे वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. चुकून अडकल्यास त्यांना ताबडतोब मोकळे करावे. मासा सोडावयाचा असेल तर गोल वळणाचा गळ वापरावा, तो बहुधा ओठात बसतो, पोटात उतरत नाही. हात ओले करूनच मासा धरावा आणि पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये.

आपल्या पेण-अलिबाग परिसराचा जिताडा येथे आठवल्यावाचून राहत नाही. खाऱ्या पाण्यात जन्मून खाडीतून गोड्या पाण्यात येणारा हा मासा आपण गावतळ्यांत आणि शेततळ्यांत वाढविला, मानाच्या पाहुण्यास भेट म्हणून दिला. हाच मासा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात बॅरामुंडी या नावाने ओळखला जातो आणि तो गळास लागावा म्हणून दूरदूरचे हौशी लोक तेथे मुक्काम करतात. त्यांच्या सहली, त्यांची राहण्याची सोय, त्यांचे मार्गदर्शक, असा सारा व्यवसाय या एका माशाभोवती उभा राहिला आहे. म्हणजे ज्या हौसेसाठी आपण पाहुण्यास दूरच्या समुद्राचे आमिष दाखवितो, तिचा विषय आपल्या खाडीतच होता.

जिताड्याचे एक वैशिष्ट्य मात्र प्रत्येक गळवाल्याने जाणले पाहिजे. हा मासा प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी वाढल्यावर मादी होतो. म्हणून सर्वांत मोठे जिताडे बहुधा माद्याच असतात आणि एकेक मादी लक्षावधी अंडी घालते. सर्वांत मोठा मासा घरी नेऊन मिरविण्याची हौस म्हणजे पुढील पिढीचे बियाणे खाणे होय. मध्यम मासा न्यावा, मोठी मादी सोडावी, असा संकेत आपल्या खाड्यांवर पडला तर त्यापेक्षा मोठा लाभ नाही. खारबंदिस्तीचे बांध फुटणे, कांदळवनाची तोड आणि कारखान्यांचे सांडपाणी हे प्रश्न सुटल्याखेरीज जिताडा परत येणार नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. ज्या खाडीत मासा नाही तेथे सहल कसली?

गावाने काय करावे

शेवटी काही सूचना. खाडीकाठच्या ग्रामपंचायतीने मच्छिमार सहकारी संस्थेस बरोबर घेऊन धक्क्यावर एक फलक लावावा. त्यावर परवानाधारक नौकांची नावे, बसण्याची मर्यादा, ठरलेला दर, त्या दिवसाची भरती-ओहोटी आणि हवामानाचा इशारा असावा. जाकिटे एकेकाने घेण्याऐवजी संस्थेने सामाईक घ्यावी व मोजून द्यावी, मोजून परत घ्यावी. भाड्याचा वाटा नौकामालक, तांडेल व खलाशी यांत कसा होईल हे आधी ठरावे. भाकरी-कालवणाचे काम कोळी भगिनींच्या बचतगटाकडे यावे, म्हणजे सहलीचा पैसा गावातच फिरेल. जाळी टाकलेल्या जागी सहलीची नौका नेऊ नये. ज्यांची उपजीविका समुद्रावर आहे त्यांचा मार्ग प्रथम, हौशी माणसाचा नंतर.

शिक्षकांनी मुलांस भरतीचे गणित आणि जाकीट अंगात घालण्याची रीत शिकवावी. ज्या गावाची मुले पाण्याजवळ वाढतात त्या गावी हे शिक्षण पाठ्यपुस्तकाइतकेच आवश्यक आहे. आणि माझ्या अधिकारी बंधूंना एक विनंती आहे. आपण स्वतः अशा सहलीस गेलात तर निघण्यापूर्वी तांडेलास चारचौघांत सांगा, ‘‘तांडेलदादा, आज नौकेवर हुकूम तुमचा.’’ ज्या दिवशी मी हे म्हणावयास हवे होते त्या दिवशी म्हटले नाही. त्यानंतर मी दोनदा समुद्रात गेलो आणि दोन्ही वेळा हेच म्हणून नौकेत बसलो. एकदा आम्ही अर्ध्या वाटेतून परतलो. गळास एकही मासा लागला नव्हता. ठरलेले भाडे पूर्ण दिले आणि दुपारी सर्व जण आपापल्या घरी जेवावयास होतो.



जय हिंद, जय महाराष्ट्र.